आव्याभोवतीची दोरी

खोटं मी आयुष्यात बेताचंच बोललो असेन, चारचौघांइतकं. पण ठरवून, वारंवार, दुसऱ्याच्या तोंडी घालून खोटं बोलण्याचा उद्योग मी एकाच माणसाच्या बाबतीत केला. तो बाळापूरचा एक कुंभार. सगळं गाव त्याला बुवा म्हणे. गळ्यात माळ नव्हती, भजनाला कधी बसला नाही, तरी बुवाच. का, ते कुणाला सांगता आलं नाही. मीही बुवाच म्हणत असे. सुरुवातीला 'अरे बुवा', पुढं 'अहो बुवा'. एवढा बदल व्हायला मला एक वर्ष लागलं, आणि ते वर्ष आठवलं की आजही कानशिलं तापतात.

ते कापसाचे दिवस होते. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आमच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचे दिवस आले. अमरावती-अकोल्याच्या बाजारात गाड्यांच्या रांगा लागत. कालपरवापर्यंत अनवाणी हिंडणारे लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवू लागले. मी तेव्हा अकोल्यात कापसाच्या एका परदेशी पेढीवर दुभाष्या होतो. इंग्रजी येत होतं, पागोटं नीट बांधता येत होतं आणि साहेबापुढं पाय लटपटत नव्हते, एवढ्या गुणांवर नोकरी मिळाली होती. आगगाडीचे रूळ अजून अकोल्याला पोचायचे होते, त्यामुळे मुंबईहून पेढीचे पाहुणे यायचे ते हाडं खिळखिळी होऊनच. आले की माल भरेपर्यंत त्यांना दोन-तीन दिवस काम नसे. अकोल्यात त्यांना दाखवायचं काय? ऊन? तेव्हा त्यांना कुठंतरी फिरवून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

एकदा अशाच दोन पाहुण्यांना बाळापूरचा किल्ला दाखवायला नेलं. किल्ला पाहून परतताना आमच्या दमणीचं, म्हणजे हलक्या बैलगाडीचं, चाक निखळलं ते नेमकं बुवाच्या दारापुढं. चाक बसेपर्यंत पाहुणे कडुनिंबाखाली टेकले आणि समोर बुवा माठ घडवत होता ते बघत राहिले. तासभर कुणी जागचं हललं नाही. किल्ल्यात हेच दोघे पाव तासात जांभया देत होते. त्या दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं, की किल्ला आपला तोंडी लावायला, खरं जेवण हे इथं.

बुवा साठीच्या घरातला, उंच, वाळका आणि कोपरापर्यंत कायम मातीचा. बसला की गुडघे कानाशी येत. बोलायचा चाकाकडं पाहून. माणसाकडं पाहायचा तेव्हा बोलायचा नाही, आणि ते जास्त अवघड जाई. त्याची बायको, सगळे तिला बुढी म्हणत, दाराशी बसून माती चाळत असे आणि नवऱ्याच्या प्रत्येक वाक्यावर मान हलवत असे. होकाराची की नकाराची, ते कधी कळलं नाही.

आलेल्या माणसाला बुवाचा पहिला प्रश्न ठरलेला. घरी पाणी कशातून पिता? माठातून म्हटलं तर बसायला पोतं मिळे. तांब्या-पितळेचं नाव काढलं तर उभं राहावं लागे, मग तो मुंबईचा शेठ का असेना. कापसाच्या पैशानं गावात घरोघरी पितळेच्या घागरी आल्या होत्या, त्यांचा त्याला भारी राग. तो म्हणे, पितळेची घागर पाण्याला कैदेत ठेवते, मडकं त्याला श्वास घेऊ देते.

दुसरी खोड वाजवून पाहण्याची. प्रत्येक मडकं तो बोटाच्या पेरानं वाजवायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. आवाज बरोबर आला नाही की तिथल्या तिथं फोडून टाकायचा. पाहुण्यांपैकी एकाची मडम एकदा हे बघून इतकी कळवळली की तिनं पुढचं मडकं त्याच्या हातून ओढून घेतलं. बुवानं ते शांतपणे परत घेतलं, वाजवलं आणि फोडलं. दुसऱ्या कुंभारांची मडकी तर तो न वाजवताच नाकारी. वाडेगावच्या कुंभाराचं नाव निघालं की बाजूला थुंके. एकदा एका साहेबानं डोक्यावरची जाड टोपी काढून त्याच्या हातात कौतुकानं दिली. बुवानं ती वाजवली, डोळे मिटले आणि टोपी परत देत म्हणाला, ‘कच्ची हाये.’ मी साहेबाला सांगितलं की टोपी त्याला फार आवडली.

आणि तिसरी, सगळ्यांत त्रासाची: पाहायला आलेल्याला तो त्या दिवशी काही विकत नसे. ‘पाहाले आले तं पाहा. घ्याचं असन तं उद्या या.’ पाहुणे चिडत. मुंबईला जाणारा माणूस उद्या कुठून येणार? मी एकदा त्याला विचारलं की यात शहाणपण काय. म्हणाला, पाहायला आलेला माणूस सगळंच छान म्हणतो. घ्यायला आलेला खोट काढतो. मला खोट काढणारं गिऱ्हाईक पाहिजे.

आता माझ्या खोट्याकडं येतो. पाहुण्यांचा पहिला प्रश्न असे, हे किती जुनं आहे? ते बोट दाखवत आव्याकडं. आवा म्हणजे मडकी भाजायची जागा. तिथं बांधकाम असं काही नसतं. वाळलेली कच्ची मडकी, गोवऱ्या आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या यांचे थर रचायचे, वरून खापरं आणि चिखलाचा लेप द्यायचा, पेटवायचं आणि भाजून झालं की सगळं मोडून मडकी काढायची. पुढच्या खेपेला पुन्हा नवा आवा. बुवाच्या आव्याभोवती मात्र जुन्या खापरांचं आणि धोंड्यांचं गुडघाभर उंच, काळंकुट्ट कडं होतं. ते लांबून एखाद्या पडक्या बुरुजाच्या पायासारखं दिसे, आणि पाहुण्यांच्या तोंडाला पाणी सुटे.

मी बुवाला विचारायचो, बुवा, आवा किती जुना?

‘परवाचा,’ बुवा म्हणायचा.

आता दमणीत आठ कोस हाडं मोडून घेऊन आलेल्या माणसाला परवाचा आवा कसा दाखवायचा? मी सांगायचो, बादशाही अमलातला आहे; दक्षिणेत उतरलेल्या फौजेला इथूनच मडकी पुरवली जात; एका शहजाद्याला इथलं पाणी इतकं आवडलं की त्यानं मुक्काम वाढवला. पाहुणे माना डोलवायचे, वहीत लिहून घ्यायचे. दर खेपेला शहजाद्याचा मुक्काम एखाद्या दिवसानं वाढायचा.

बुवाला इंग्रजी येत नव्हतं, पण ऐकायला येत होतं. एकदा पाहुणे गेल्यावर त्यानं चाक थांबवलं. ‘मुनशीजी, मी एक शबद बोललो. तुमी घंटाभर काय सांगून राह्यले होते? इंग्रजी लय गरीब भाषा दिसते.’ पुढं एका पारशी पाहुण्यानं, ज्याला मराठी येतं हे मला उशिरा कळलं, निघताना बुवाजवळ शहजाद्याची चौकशी केली. झालं. मी कबूल केलं. मला वाटलं आता हा मला हाकलणार. पण बुवा हसला, बुढीही हसली, आणि ती हसताना मी पहिल्यांदाच पाहिली. ‘सांगा बाप्पा, तुमचं पोट हाये त्याच्यावर,’ बुवा म्हणाला. ‘माह्याबद्दल सांगा, माह्या बापाबद्दल सांगा. पन मडक्यात काय हाये ते कोनाले खोटं नका सांगू. त्याच्यात लोकाईचं पानी रायते.’

मी हो म्हणालो. तेव्हा ते वचन पाळायला काही जड नव्हतं.

फाल्गुन सरत आला असताना एक बडा साहेब दौऱ्यावर आला. कुठल्या खात्याचा, ते जाऊ द्या. विलायतेहून येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं आणि जुन्या वस्तूंचा त्याला भयंकर नाद. पेढीच्या मुख्य साहेबाला त्याची मर्जी हवी होती, म्हणून मला हुकूम झाला की याला बाळापूर असं दाखव की पुन्हा नाव काढील. मी घाबरलो नाही. उलट अंगात वारं संचारलं.

आम्ही पोचलो तेव्हा आवा रचून, लिंपून तयार होता. माझे पाहुणे नेहमी यायचे ते रिकामं कडं बघायला. भरलेला आवा, असा घुमटासारखा, मीसुद्धा फार वेळा पाहिला नव्हता. बुवा त्याच संध्याकाळी तो पेटवणार होता. लग्नसराई तोंडावर होती आणि आत लग्नाची मडकी होती. आमच्याकडं मांडवाची मडकी बाजारातून उचलून आणायची नसतात. बायका वाजतगाजत कुंभाराच्या घरी जातात, त्याच्या चाकाला हळदकुंकू वाहतात आणि मग मडकी डोक्यावरून आणतात. ती आल्याशिवाय मांडव उभा असून नसल्यासारखा. त्या आठवड्यात गावात चार लग्नं होती, आणि चारी घरांची मडकी त्या एका आव्यात होती.

साहेब घुमटाभोवती फिरला. उन्हानं त्याचे डोळे अर्धे मिटलेले. त्यानं विचारलं, आत काय आहे? मी बुवाला विचारलं.

‘कच्ची मडकी हायेत. त्याईले म्हना हात नका लावू, आता उघडलं तं सारी मोडतीन.’

इथं मी थांबायला हवं होतं. पण साहेबाचा चेहरा पडत चालला होता, आणि मला माझा चेहरा पडलेला बघवत नव्हता. मी सांगितलं, आत बादशाही काळातली मडकी आहेत, रचून ठेवली तशीच. फौज अचानक निघून गेली आणि आवा तसाच राहिला. तेव्हापासून कुणी उघडलेला नाही, कारण उघडला तर आतलं सगळं मोडेल. लेपाची एक बाजू ओली दिसत होती. साहेबानं ती काठीनं दाखवली. मी म्हणालो, पावसानं. फाल्गुनात.

साहेबानं माझा हात हातात घेऊन हलवला. मग त्यानं बरोबरच्या माणसांना हुकूम दिला. आव्याभोवती चार खुंट ठोकले गेले, दोरी बांधली गेली, आणि पट्टेवाला एक चपराशी तिथं बसवला गेला. साहेब महिन्याभरात जाणकार माणसं घेऊन परत येणार होता, त्यांच्या देखत आवा नीट उघडायला. तोवर कुणी बोट लावायचं नाही. बुवा बघत होता. त्यानं मला विचारलं, ‘दोरी कायची हाये?’ मी म्हणालो, साहेबांची पद्धत असते, दोन दिवसांत काढतील. म्हणजे त्यालाही खोटंच सांगितलं.

अकोल्याला आलो आणि दोन दिवस मी काही केलं नाही. हे दोन दिवस मी कुणापासून लपवत नाही. रोज सकाळी ठरवायचो की साहेबाच्या मुक्कामावर जावं आणि खरं सांगावं. अंगरखा घालायचो, पागोटं बांधायचो आणि पेढीवर जाऊन बसायचो. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती अशी की ज्यानं माझा हात हलवला तो माझ्याकडं कसा बघेल. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. वऱ्हाडात फाल्गुन-चैत्रात गारा पडतात हे मला माहीत होतं. कच्च्या मडक्याला पाणी लागलं की ते पुन्हा चिखल होतं, हेही माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बुवा पेढीच्या दारात उभा. पहाटेपासून आठ कोस पायी आला होता. डोक्याला फडकं, पायाला धूळ, आणि हात पहिल्यांदाच कोरडे. मी बाहेर आलो. मला वाटलं चार लोकांत शिव्या घालील, आणि घातल्या असत्या तर सोपं झालं असतं. मी विचारलं, बुवा, दोरी तोडून पेटवला का नाहीत? तो म्हणाला, ‘राखनदार गरीब मानूस हाये. मी तोडली तं त्याची नौकरी जाईन. तुमी घातली, तुमीच सोडा.’

साहेबाचा तळ अकोल्याबाहेर आमराईत होता. मी बुवाला घेऊन गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: फौज, शहजादा, फाल्गुनातला पाऊस. मग साहेबानं मला सांगितलं, की या माणसाला विचार, इथं जुनं असं काहीच नाही का? मी विचारलं. बुवानं चाकाकडं बघावं तसं जमिनीकडं बघत उत्तर दिलं. ‘हाये ना. नदीकाठी मातीचा खड्डा हाये. येक हत्ती उभा राहीन येवढा. आमच्या बापजाद्याईनं टोपल्या-टोपल्यानं माती नेली, म्हून झाला. बाळापुराच्या घराघरात पानी पेते ना मानूस, ते त्या खड्ड्यातूनच. सायेबाले पाहाचं असन तं तो पाहा. आवा मले लागते.’

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. एकही शब्द वाढवला नाही. त्याची मला सवय नव्हती, त्यामुळे घाम फुटला. साहेबानं चपराशासाठी चिठ्ठी लिहून दिली. ती बुवाच्या हातात दिली, माझ्या नाही. मला एवढंच म्हणाला, की तो पेढीला कळवणार आहे. मीही तेच धरून चाललो होतो.

दमणीनं बाळापूरला परतताना अर्ध्या वाटेत आम्हांला गारांनी गाठलं. बैल झाडाखाली उभे केले. बुवा दमणीतून उतरला आणि भर गारांत पुढं चालू लागला, आठ कोसांतले चार अजून बाकी असताना. मी हाका मारल्या. शेवटी मीही उतरून त्याच्यामागून चालू लागलो, कारण दमणीत बसून राहणं शक्यच नव्हतं.

दिवस बुडता आम्ही पोचलो. चपराशी बिचारा ओलाचिंब, थंडीनं काकडत उभा होता. त्यानं दोरीच्या आत शिरून आपली घोंगडी आव्यावर टाकली होती. बुढीनं घरातली पोती, चटया, स्वतःचं लुगडंसुद्धा टाकलं होतं. काही उपयोग झाला नव्हता. बुवानं चिठ्ठी चपराशाच्या हातात दिली, दोरी सोडली, गुंडाळून त्याला परत केली आणि लेपाचा एक तुकडा उचलला. आत चारी घरांची मडकी बसून गेली होती. गोवऱ्या, पऱ्हाट्या आणि चिखल.

मी काही बोलू लागलो. बुवा म्हणाला, ‘उद्या.’

दुसऱ्या दिवशी उजाडता तो बैलगाडी घेऊन वाडेगावला गेला. ज्या कुंभाराच्या नावानं थुंकत असे त्याच्या दारी जाऊन त्यानं मडकी मागितली, आणि गवतात रचून दुपारपर्यंत घेऊन आला. त्याच दुपारी बायका वाजतगाजत आल्या. त्यांनी चाकाला हळदकुंकू वाहिलं आणि वाडेगावची मडकी डोक्यावर घेतली. बुवा हात मागं बांधून उभा होता. त्यानं एकही मडकं वाजवून पाहिलं नाही. एका म्हातारीनं विचारलं, बुवा, यंदाची थोडी वेगळी दिसतात? तो म्हणाला, चांगली आहेत, न्या. त्याच्या तोंडून दुसऱ्याच्या मडक्याला चांगलं म्हटलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं, आणि ते माझ्यामुळं म्हणावं लागलं.

बायका गेल्यावर मी त्याच्या पुढ्यात जाऊन बसलो. म्हणालो, बुवा, तुमचं नाव मोठं व्हावं एवढंच माझ्या मनात होतं. हे अर्धं खरं होतं. तो म्हणाला, ‘मले जुनं कराचं असन तं मी मेल्यावर करा. आता मले काम हाये.’ मग तो उठला, फावड्यानं आव्यातला सगळा चिखल ओढून अंगणात पसरला, त्यातल्या काड्या आणि गोवऱ्यांचे तुकडे वेचून काढले आणि वर राख भुरभुरली. मला वाटलं, हा फेकणार. बुढीनं सांगितलं की फेकायचं काय त्यात? भाजलेलं मडकं फुटलं की गेलं. हे अजून कच्चं होतं, याची पुन्हा मडकी होतात. फक्त तुडवावं लागतं, पहिल्यापासून.

‘उतरा मुनशीजी,’ बुवा म्हणाला.

मी जोडे काढले, धोतर गुडघ्यावर खोचलं आणि त्या थंड चिखलात उतरलो. आमच्या घरच्या कुणी हे पाहिलं असतं तर मला अंगणात घेतलं नसतं. बुवानं दाखवलं, टाच आधी, मग बोटं, कडेकडून मधे यायचं. तो एका बाजूनं, मी दुसऱ्या. थोड्या वेळानं पोटऱ्या भरून आल्या. कुणी बोलत नव्हतं, आणि मला ते सहन होईना. मी विचारलं, बुवा, तुम्हांला राग नाही आला?

तो तुडवायचा थांबला नाही. ‘आल्ता ना,’ म्हणाला. ‘लय आल्ता. याच्यातच टाकला. तुडवा.’

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी मान खाली घातली आणि दिवस मावळेपर्यंत तुडवत राहिलो.